पेटीतले चौदा पीस

मुलांनो, असं समजा की तुमच्या घरात पलंगाखाली एक पत्र्याची पेटी आहे. पेटीत चौदा खोकी आहेत. प्रत्येक खोक्याच्या झाकणावर कोट घातलेला, केस मागे वळवलेला एक रुबाबदार माणूस हसतो आहे, आणि प्रत्येक खोक्यात एका पॅन्टचं आणि एका शर्टाचं नवंकोरं कापड आहे. आता असंही समजा, की त्याच घरातल्या बाबांकडे अंगात घालायला दोनच शर्ट आहेत आणि त्यातल्या एकाची कॉलर उसवलेली आहे. जमतं का समजायला? नसेल जमत तर घाई नाही. खुशाललाही ते कधी नीट समजलं नव्हतं, आणि तो तर त्या पेटीवरच्या पलंगावर रोज झोपत होता.

खुशाल चिखल्याच्या मँगनीज खाणीत कामाला होता. एकोणीस वर्षं तो जमिनीखाली उतरत होता. खाणीत जाताना खाणीचा गणवेश, डोक्याला टोप, पायात गमबूट. घरी आला की तीच जुनी गणवेशाची पॅन्ट आणि दोनांतला एक शर्ट. शर्ट त्यानं बाजारातून तयार घेतलेले होते, एक नंबर मोठे, म्हणजे घाम आला तरी अंगाला चिकटू नयेत. कपड्यांचा विचार त्यानं एवढाच केलेला होता. खाणीतून वर येईपर्यंत माणसाकडे जेवढी ताकद उरते, तेवढी हातपाय धुण्यात आणि भात खाण्यात संपते. त्यापुढचं सगळं तो उद्यावर टाकत आला होता.

मार्चचे शेवटचे दिवस होते. पहिली पाळी संपवून तो तीनच्या सुमारास वसाहतीतल्या आपल्या घरी आला, तर पुढच्या खोलीत त्याची मोठी बहीण बेबीबाई आणि तिची मुलगी मोना बसलेल्या. दोघी आंबागडहून लग्नाची पत्रिका घेऊन आल्या होत्या. मोनाचंच लग्न होतं.

"सोळा एप्रिल, मोठेमामा," मोना म्हणाली. "सकाळचा मुहूर्त आहे. मांडवात मले तुम्ही आणाचं."

मुहूर्ताची वेळ झाली की नवरीला हाताला धरून मांडवात आणायचं आणि मंगलाष्टकं होईपर्यंत तिच्या पाठीशी उभं राहायचं, हा मामाचा मान. सगळे लोक तेव्हा मामाकडे पाहतात, फोटोवालाही.

खुशाल टॉवेलनं हात पुसत राहिला. हात केव्हाच कोरडे झाले होते.

"जागेश्वर आहे ना," तो म्हणाला. "तो आणन. त्याले शोभते." जागेश्वर म्हणजे त्याचा धाकटा भाऊ. नागपूरला नोकरीला होता, लग्नाकार्यात कोट घालायचा.

"शोभाले तो का नवरदेव आहे?" बेबीबाई म्हणाली.

"लहानमामा नको," मोना म्हणाली. "पाचवीपासून सातवीपर्यंत मी कोणाच्या घरी राहिलो? रोज सायकलच्या डंड्यावर बसवून शाळेत कोणं नेलं? लहानमामानं तं मले दहावीच्या पेढ्याच्या वेळीच पाहिलं."

"पाहू," खुशाल म्हणाला.

"त्याचं पाहू म्हणजे नाही असते," बेबीबाई मुलीला म्हणाली आणि उठली. "चाल. अजून सात घरं आहेत."

त्या गेल्यावर खुशाल पलंगावर आडवा झाला. त्याला जे आठवू नये असं वाटत होतं तेच आठवलं.

दोन वर्षांपूर्वी तुमसरला जागेश्वरच्या सासरकडचं एक लग्न होतं. खुशाल मांडवाच्या खांबाशी उभा होता. इतक्यात एक चांगले कपडे घातलेला माणूस घाईघाईनं आला आणि म्हणाला, "ओ भाऊ, तिकडच्या वीस खुर्च्या इकडं आणा ना लवकर." त्या माणसाची काही चूक नव्हती. मांडववाल्याची माणसं जशी दिसतात तसाच खुशाल दिसत होता. खुशालनं खुर्च्या आणल्या. चार-चार करून पाच खेपा घातल्या. खरं सांगायचं तर त्याला राग आला नाही, उलट काहीतरी काम मिळालं म्हणून बरंच वाटलं. शेवटच्या खेपेला मागे वळून पाहिलं, तर त्याची अंजू एक खुर्ची डोक्यावर घेऊन त्याच्यामागून येत होती. तेव्हा ती चौथीत होती. पण त्या दिवसापासून तो लग्नात गेला की मागे, पाण्याच्या कॅनपाशी बसायचा आणि जेवण झालं की निघायचा.

"बाबा," अंजू दारातून म्हणाली. आता ती सहावीत होती. "तुम्ही नाही ना जाणार मांडवात?"

"तुले कोणं सांगतलं?"

"तुम्ही पाहू म्हटलं ना."

खुशालनं भिंतीकडे तोंड केलं. "थकलो वं माय. झोपू दे."

"शर्टामुळं ना?"

थोड्या वेळानं पलंगाखालून पत्रा घासल्याचा आवाज आला. अंजू पेटी बाहेर ओढत होती.

"कोण वं पेटी काढून राहिलं?" स्वयंपाकघरातून रुखमिणीचा आवाज आला, आणि पाठोपाठ ओल्या हातांनी रुखमिणीच आली. "तिले हात नको लावू."

"आई, यातला एक पीस बाबाले शिवून देऊ."

रुखमिणी काही बोलण्याआधी त्या पेटीबद्दल सांगायला हवं. लग्न असो, बारसं असो, वास्तुशांती असो, बाईमाणसाला साडी आणि पुरुषाला पॅन्ट-शर्टचा पीस आहेर म्हणून द्यायची रीत आहे. खुशालला असे पीस मिळत. पण पुढच्याच महिन्यात आणखी कोणाचं लग्न असे, मग मिळालेला पीस तिकडे जाई. तिकडून दुसरा येई. पेटीत कधी दहा असत, कधी सतरा. प्रत्येक खोक्यात रुखमिणी एक चिठ्ठी घालून ठेवी, हा कोणाकडून आला त्याची. एकदा चिठ्ठी विसरली आणि खाणीतल्या यादोरावनं दिलेला पीस यादोरावच्याच मुलीच्या लग्नात परत गेला. यादोरावच्या बायकोनं सगळ्यांदेखत तो ओळखला. तेव्हापासून चिठ्ठीवाचून खोकं पेटीत जात नसे. गेली तीन वर्षं चिठ्ठ्या अंजूच लिहीत होती, कारण घरात तिचं अक्षर चांगलं.

"शिवून देऊ म्हणते," रुखमिणी म्हणाली. "मंग पुढच्या महिन्यात लोकाच्या घरी का रिकाम्या हातानं जाचं? ते आहेराचे आहेत."

"राहू दे," खुशाल भिंतीकडेच तोंड ठेवून म्हणाला. "शिवीन कधी तरी. पडलेच आहेत ना घरात."

हे तो मनापासून म्हणाला. पेटी भरलेली आहे, तेव्हा घाई कसली, असं त्याला वर्षानुवर्षं वाटत आलं होतं. जरा उसंत मिळाली की एक चांगला पीस काढू, शिवू, आणि माणसासारखे माणसांत जाऊ. उसंत मिळाली नव्हती, पण पेटी होती. अंधारात खाली उतरताना कधीकधी त्याला त्या पेटीची आठवणसुद्धा यायची आणि बरं वाटायचं.

रुखमिणीनं नवऱ्याच्या पाठीकडे पाहिलं. उसवलेली कॉलर तिला तिथूनही दिसत होती.

"एक," ती म्हणाली. "एकच घेऊन जा."

रविवारी सुट्टी होती. अंजूनं पिशवीत पाच खोकी भरली. निवड करून एक शिवायला टाकू आणि चार परत आणू, असं तिनं आईला सांगितलं. बापलेक जीपनं नाकाडोंगरीला निघाले. रस्त्याच्या कडेला बाया वाकून मोहाची फुलं वेचत होत्या. खुशाल खिडकीला डोकं टेकवून अर्धवट झोपला होता. सुट्टीच्या दिवशी अंथरुणात पडून राहायचं सोडून आपण कुठे निघालो आहोत, असं त्याला मधूनमधून वाटत होतं.

देवाजी शिंप्याचं दुकान बाजाराच्या गल्लीत होतं. एक मशीन, एक लांब टेबल आणि भिंतीवर खडूनं लिहिलेले आकडे. तयार कपड्यांची दुकानं आल्यापासून त्याच्याकडे शाळेचे गणवेश आणि तुटलेल्या चेनी एवढंच काम उरलं होतं. खुशालच्या लग्नातला पोशाख त्यानंच शिवला होता. त्यानंतर खुशालनं कोणाला माप दिलं नव्हतं.

"या खुशालभाऊ," देवाजी चष्मा वर करत म्हणाला. "वीस वर्षांनी आले. मले वाटलं, माह्या शिलाईत काही खोट राहिली."

"आबाजी, यातला चांगला निवडून द्या," अंजूनं पिशवी टेबलावर ठेवली.

देवाजीनं पहिलं खोकं उघडलं. कागद बाजूला केला, चिठ्ठी बाजूला ठेवली आणि कापड झटकून पसरलं. मग टेप लावला. पुन्हा एकदा लावला.

"खोक्यावर एक मीटर वीस लिवलं आहे," तो म्हणाला. "आत मीटरभरच आहे. याची पॅन्ट नाही होत. एखाद्या लहान पोराची हाफपॅन्ट होईन."

दुसरं उघडलं. कापड वरून निळं दिसत होतं, पण जिथे जिथे घडी होती तिथे पिवळट रेघ होती. देवाजीनं त्या रेघेवर अंगठा दाबला, तर अंगठा आरपार गेला. तिसऱ्या खोक्यात तळाशी, पुठ्ठ्याखाली अंजूच्या चिठ्ठीशिवाय दुसरी एक चिठ्ठी निघाली. अक्षर मोठ्या माणसाचं होतं. 'विमलाबाईकडून, अतुलच्या लग्नात, २०१३.' अंजूनं पुठ्ठा पूर्ण उचलला. त्याखाली तिसरी चिठ्ठी होती. तिच्यावरची शाई इतकी उडाली होती की वाचताच येईना.

"आई म्हणते तशाच चिठ्ठ्या," अंजू म्हणाली. "पण या आपल्या घरच्या नाहीत."

"साऱ्यांच्याच घरी पेटी आहे ना बेटा," देवाजी म्हणाला. "हे घालाचे पीस नाहीत. फिरवाचे पीस आहेत. बनवणाऱ्यालेही माहीत आहे की हे कोणी उघडणार नाही. मंग तो कायले पुरा कपडा घालन?"

चौथ्याची पॅन्ट तेवढी जाड आणि पुरेशी निघाली. शर्टाचं कापड घडीवर विरलेलं होतं.

खुशाल स्टुलावर बसला. सरपणासाठी रचून ठेवलेली लाकडं काढायला जावं आणि आत वाळवीचा भुगा निघावा, तसं त्याला झालं. तो कोणावर चिडला नाही. चिडायला कोणी समोर नव्हतंच. त्यानंही किती घरी असेच पीस नेऊन दिले होते, कुंकू लावून, दोन्ही हातांनी. ज्यांना दिले त्यांनीही ते कुठल्या तरी पलंगाखाली ठेवले असतील आणि त्यांनाही वाटत असेल की पडलेच आहेत घरात, शिवू कधी तरी.

"चाल अंजू," तो म्हणाला. "झालं. जागेश्वरले सांगून देऊ."

अंजू जागची हलली नाही. "पाचवा राहिला, बाबा."

"त्याच्यातही तेच असन."

"असन तं असन. पण पाहून घेऊ ना."

पाचवं खोकं खाणीतून निवृत्त झालेल्या पुंडलिकरावांनी दिलेलं होतं. आत एकच चिठ्ठी होती, अंजूचीच. देवाजीनं कापड हातात घेतलं आणि दोन बोटांत चोळून पाहिलं. फिकट बदामी रंगाचं सुती कापड, चांगल्या विणीचं. शर्टाचं पुरतं अडीच मीटर. पॅन्टचं कापड मात्र त्यात नव्हतंच.

"हा माणूस दुकानात उभा राहून, कापून घेऊन आला," देवाजी म्हणाला. "घडीची रेघ आहे एक, पण ती मी खिशाखाली घेईन. पॅन्ट त्या चौथ्याची. उठा खुशालभाऊ. पोरी, वही काढ. मी सांगतो ते लिव."

देवाजीनं माप घ्यायला सुरुवात केली. छाती, पोट, बाही, मनगट. तो एकेक आकडा सांगे आणि अंजू लिही. खांद्यांशी तो थांबला. मानेपासून डाव्या खांद्याचं माप घेतलं, मग उजव्याचं. मग दोन पावलं मागे जाऊन खुशालकडे नुसतं पाहिलं.

"दोन खांदे वेगळे लिव. उजवा डाव्यापेक्षा पाऊण इंच उतरला आहे."

"म्हणजे बाबा वाकडे आहेत?"

"फावडं कोणत्या हातानं मारते तुहा बाप?"

"उजव्या."

"तेच आहे ते. आता इकडं ये." त्यानं अंजूला जवळ बोलावलं आणि खुशालच्या अंगातल्या शर्टाला हात लावला. "हा शर्ट पाहा. कारखान्यात दोन्ही खांदे सारखे कापते. मंग उजवीकडं तो घसरते, कॉलर तिकडं ओढली जाते, बटनाची पट्टी तिरपी होते. लोकाले वाटते, माणूस गबाळा आहे. माणूस गबाळा नसते, शर्ट दुसऱ्याच्या मापाचा असते. खांद्याचा टाका कुठं आला पाहिजे?"

अंजूनं विचार केला. मग बाबांच्या खांद्यावर बोटानं चाचपत गेली आणि जिथे हाड संपतं तिथे थांबली. "इथं."

"बरोबर. आणि याचा कुठं आहे?"

"खाली. दंडावर."

"बाही मनगटाच्या हाडापर्यंत. कॉलरमध्ये दोन बोटं गेली पाहिजे, तीन नाही. पॅन्ट चपलीवर टेकली पाहिजे, गोळा नाही झाली पाहिजे. एवढं पाहिलं की झालं. महाग कापडाची गरज नसते."

अंजूनं ते सगळं मापाखाली लिहून घेतलं. खुशाल दोन्ही हात किंचित पसरून उभा होता. आपला एक खांदा उतरला आहे हे त्याला आज पहिल्यांदा कळत होतं. टेप पाठीवरून फिरत होता, म्हाताऱ्याची बोटं हलकेच खांद्याला लागत होती, पोरगी आकडे पुटपुटत होती. कोणी त्याच्या अंगाकडे इतकं लक्ष देऊन पाहिल्याला फार दिवस झाले होते. उभ्या उभ्या त्याचे डोळे मिटायला लागले.

घरी गेल्यावर रुखमिणीनं पिशवी रिकामी केली.

"पाचही फोडले?"

अंजूनं काय काय निघालं ते सांगितलं. आरपार गेलेला अंगठा, मीटरभर पॅन्ट, तीन चिठ्ठ्या. तिला वाटलं आई चकित होईल. रुखमिणी पलंगाच्या कडेला बसून उघडलेल्या कापडांच्या घड्या घालत राहिली.

"मले का माहीत नव्हतं?" शेवटी ती म्हणाली. "साऱ्या बायांले माहीत आहे. कोणी उघडत नाही म्हणून तं चालते."

"तुले माहीत होतं?" खुशालनं विचारलं.

"तुम्ही म्हणत होते ना, शिवीन कधी तरी. मले वाटलं, म्हणते तं म्हणू द्या."

रुखमिणीनं विरलेल्या कापडांच्या उशीच्या खोळी करायच्या ठरवल्या आणि उरलेली नऊ खोकी पुन्हा पलंगाखाली ढकलली. त्याच आठवड्यात वसाहतीत एक बारसं होतं. तिनं त्यातलं एक काढलं, चिठ्ठी काढून घेतली आणि नेऊन दिलं.

शर्ट-पॅन्ट बारा एप्रिलला तयार झाले. घरच्या छोट्या आरशात एका वेळी खुशाल अर्धाच दिसे, म्हणून अंजूनं आरसा आधी वर धरला, मग खाली धरला. त्या आरशात कोणी नवा माणूस नव्हता. तेच डोळे, तेच खाली आलेले गाल. पण कॉलर मानेच्या मधोमध होती. बटनांची पट्टी गळ्यापासून पोटापर्यंत सरळ आली होती. खांद्याचा टाका हाडावर होता. अंजूनं दोन्ही बाजूंनी बोट ठेवून तपासला.

"अवो, चांगलं दिसते की," रुखमिणी म्हणाली आणि लगेच चुलीकडे वळली.

खुशालनं शर्ट काढून खुंटीला अडकवला. आता शर्ट झाला होता, म्हणजे नाही म्हणायला कारण उरलं नव्हतं, आणि या विचारानं तो जास्तच थकला. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी अंजूनं अर्धं लिंबू घेऊन त्याची नखं घासली. मँगनीज पूर्ण गेलं नाही. "पुरे," तो म्हणाला. "नाही, अंगठा राहिला," ती म्हणाली.

सोळा तारखेला सकाळी ते आंबागडला पोहोचले. किल्ल्याच्या डोंगराखाली, बेबीबाईच्या घरासमोरच्या मोकळ्या जागेत मांडव टाकला होता. ऊन आतापासूनच कापडातून खाली उतरत होतं. जागेश्वर कोटात घामाघूम होऊन फिरत होता. खुशालला पाहून तो थांबला.

"दादा, मी तं तुले ओळखलंच नाही. कुठून घेतला?"

"शिवला."

"नागपुरात असा फिटिंगचा मिळत नाही. चाल समोर, पहिल्या रांगेत जागा ठेवली आहे."

"येतो," खुशाल म्हणाला.

रुखमिणी बायांमध्ये गेली. खुशालनं येणाऱ्याजाणाऱ्यांना रामराम केला. लोक त्याला "या, बसा" म्हणत होते. कोणी खुर्च्या आणायला सांगितल्या नाहीत. एका पोरानं तर त्याला सरबताचा ग्लास आणून दिला. तरी त्याचे पाय हळूहळू मागे मागे गेले आणि तो शेवटच्या रांगेत, पाण्याच्या कॅनशेजारच्या खुर्चीत बसला. बसल्याबरोबर पाठीचा ताण सैल झाला. ही जागा ओळखीची होती. इथे कोणी काही विचारत नसे.

अकरा वाजून गेले. नवरदेव अंतरपाटाच्या पलीकडे उभा राहिला. माइकवरून आवाज आला, "मुलीच्या मामांनी मुलीला मांडवात घेऊन यावं. मामा खुशालभाऊ, कुठं असाल तिथून लवकर या."

अंजू धावत त्याच्यापाशी आली. "बाबा, बोलावून राहिले."

"आयकलं."

"मंग उठा ना."

खुशालनं मांडवाच्या त्या टोकाकडे पाहिलं. तिथे दोनशे माणसं होती, दिवे होते, फोटोवाला होता. तिथपर्यंत चालत जायचं, घरात शिरायचं, मोनाचा हात धरायचा, पुन्हा सगळ्यांसमोरून यायचं. खाणीतून वर यायला कधी एवढं लांब वाटलं नव्हतं.

"काकाले जाऊन सांग," तो म्हणाला. "म्हणाव, बाबानं सांगतलं, तुम्ही आणा तिले."

"तुम्हाले बरं नाही का?"

"बरं आहे."

"शर्ट टोचते?"

"नाही वं. शर्ट चांगला आहे."

"कोणी काही म्हटलं?"

"कोणी नाही म्हटलं."

"मंग?"

एवढी वर्षं त्याला वाटत होतं, की उत्तर शर्टात आहे. तो आता अंगात होता, खांद्यावर नेमका बसला होता, आणि उत्तर काही सापडत नव्हतं. "थकलो आहो, अंजू," तो म्हणाला. "तू जाय. लोक थांबून राहिले."

माइकवरून पुन्हा त्याचं नाव आलं. पुढच्या रांगेतून जागेश्वर उठून इकडेतिकडे पाहू लागला.

अंजू वळून चालू लागली. खुर्च्यांच्या मधल्या वाटेनं ती पुढे जाताना त्याला दिसत होती. जागेश्वर तिच्याकडे पाहत होता, काहीतरी विचारत होता. ती त्याच्याजवळून गेली आणि थांबली नाही. सरळ बेबीबाईच्या घराच्या दारात शिरली.

थोड्या वेळानं दारात मोना दिसली. पिवळं लुगडं, कपाळाला बाशिंग, मान खाली. सनईची टेप सुरू झाली. सगळे लोक दाराकडे वळले, आणि नवरीजवळ मामा नाही हे पाहून कुजबुजू लागले. अंजूनं टाचा उंचावून मोनाच्या कानात काहीतरी सांगितलं. मोनानं मान वर केली आणि मांडवाच्या शेवटच्या रांगेकडे पाहिलं.

मग अंजूनं तिचा हात धरला, अंतरपाटाकडे जाणारी लाल पट्टी सोडली, आणि खुर्च्या बाजूला सारत नवरीला घेऊन पाण्याच्या कॅनकडे निघाली.